परत आलेला अहवाल

बारावीच्या वर्षात सारी धास्ती लेखी परीक्षेची असते. 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय अनिवार्य असूनही बहुतेकांच्या लेखी तो दुय्यमच असतो. त्याचा प्रकल्प म्हणजे मागील वर्षाच्या वहीतून उतरवलेली काही पाने, चार रंगीत चित्रे आणि वर प्लॅस्टिकचे आवरण, असाच आम्हा सहा जणांचाही समज होता. तो समज कसा दूर झाला, हे विद्यालयाच्या या स्मरणिकेत नोंदवावेसे वाटते.

विषय आम्हाला शोधावा लागला नाही. वसतिगृहातील आमचा एक सोबती हसताना नेहमी तोंडावर हात धरीत असे. त्याच्या दातांवर पिवळसर-तपकिरी डाग होते आणि ते घासून जात नव्हते. त्याच्या गावातील अनेक मुलांचे दात तसेच होते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणी या भागांतील भूजलात अनेक ठिकाणी फ्लोराइड अधिक आढळते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते आणि तेथे दीर्घकाळ राहते. त्या काळात खडकातील फ्लोराइडयुक्त खनिजे त्यात हळूहळू विरघळतात. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरवेलच्या पाण्यात त्याचे प्रमाण बहुधा जास्त असते. या पाण्याला वेगळा रंग नसतो, वास नसतो. दात घडण्याच्या वयात ते सतत पोटात गेले तर डाग पडतात. वर्षानुवर्षे अधिक प्रमाणात गेले तर हाडे व सांधे आखडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत.

आम्ही तपासणी संच मिळवला. पाण्याच्या नमुन्यात रसायनाचे थेंब टाकायचे, बदललेला रंग रंगपट्टीशी ताडून पाहायचा, इतके ते सोपे होते. तीन बोअरवेलचे पाणी तपासून आम्ही आठवडाभरात अहवाल लिहिला आणि शेवटी ठळक अक्षरांत निष्कर्ष दिला: बोअरवेलचे पाणी विष आहे.

अहवाल दुसऱ्याच दिवशी परत आला. समासात सरांनी तीन प्रश्न लिहिले होते. तीन बोअरवेलवरून साऱ्या बोअरवेलविषयी कसे बोलता? पावसाळ्यातले पाणी आणि उन्हाळ्यातले पाणी सारखेच असते काय? विहिरीचे पाणी का तपासले नाही? आम्ही खट्टू झालो. परीक्षा तोंडावर असताना हे सारे पुन्हा करायचे?

त्या सायंकाळी सरांनी आम्हाला एका परत आलेल्या प्रबंधाची हकिकत सांगितली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून यावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन विद्यापीठास सादर केला. परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही. पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. जवळचे पैसे संपत आले होते, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथेच प्रबंध नव्याने लिहून त्यांनी लंडनला पाठविला आणि त्याच वर्षअखेरीस त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष सोडले नाहीत. पुस्तकाला त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि आपले सर्वच बाबतींत एकमत नाही, हे कॅनन यांनी तीत मोकळेपणाने नोंदवले आहे. हकिकत संपवून सर इतकेच म्हणाले, "त्यांचे निष्कर्ष टिकले, कारण त्यांना पुरावा होता. तुमचा टिकेल काय?"

आमचा टिकला नाही. उन्हाळा लागल्यावर आम्ही त्याच बोअरवेल पुन्हा तपासल्या, शिवाय विहिरी आणि हापशाही तपासल्या. खोली विचारली, तारखा लिहिल्या. एकाच गावातील दोन बोअरवेलचे पाणी वेगळे निघाले. 'विष' हा शब्द आम्ही खोडला आणि त्या जागी कोणत्या स्रोताचे पाणी केव्हा मर्यादेबाहेर गेले, याचा तक्ता घातला. अहवाल पहिल्याहून कमी धडाक्याचा, पण खरा झाला.

सादरीकरणास पालकही आले होते. तक्ते दाखवून झाले, टाळ्याही झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. "पोरंहो, हे समदं खरं. मंग आमी पानी कोनतं प्यावं?"

सभागृह शांत झाले. इतक्या तक्त्यांत त्याचे उत्तर नव्हते. आम्ही सरांकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. शेवटी आमच्यातील एकीने सांगितले, "आजी, आज आमच्याजवळ उत्तर नाही. शोधून सांगतो."

गुण मिळून गेले, तरी उत्तर शोधावे लागले. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत चुना व तुरटी घालून पाणी ढवळतात, गाळ खाली बसू देतात आणि वरचे पाणी घेतात. मात्र चुना-तुरटीचे प्रमाण पाणी तपासूनच ठरवावे लागते, अंदाजाने नव्हे. ज्या उथळ विहिरीत फ्लोराइड मर्यादेत आहे, तिचे पाणी जंतुनाशक टाकून पिण्यास व स्वयंपाकास ठेवावे आणि बोअरवेलचे धुण्या-भांड्यांस वापरावे, हा सर्वांत सोपा मार्ग. लहान मुलांसाठी तर तो तातडीचा. हे सारे एका पानावर लिहून आम्ही आजींच्या गावच्या ग्रामपंचायतीत दिले आणि आजींना वाचूनही दाखविले. अहवालाचे ते शेवटचे पान कोणी तपासले नाही. आम्हाला मात्र तेच सर्वांत मोलाचे वाटते.

पालकांना आमची एक विनंती आहे. पाल्याचा प्रकल्प बाजारातून तयार आणू नका, स्वतः करूनही देऊ नका. तो वाचा आणि त्या आजींसारखा एक साधा प्रश्न विचारा. आणि लहान भावंडांनो, अहवाल परत आला तर वाईट वाटून घेऊ नका. कोणीतरी तो लक्षपूर्वक वाचला आहे, असा त्याचा अर्थ आहे.