रिकाम्या खाटेचं गणित

पारनेर तालुक्यात उद्या कोणाच्या आजीचं खुब्याचं हाड मोडेल, हे सांगणं कोणाच्याही हातात नाही. पण तालुक्याला हाडांच्या किती खाटा लागतील, हे कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं. २०११च्या जनगणनेतली इथली वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. त्यातलं कोणी मोरीत घसरतं, कोणी झाडावरून पडतं, कोणी सुप्याजवळ नगर-पुणे रस्त्यावर मोटारसायकलवरून. एकाच्या पडण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो, आणि सगळं गणित उभं आहे ते यावरच.

समजा, खुबा मोडून आठवड्याला सरासरी चार जण रुग्णालयात येतात. खुबा मोडलेला पाय लगेच ओळखू येतो : आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलेलं असतं. पूर्वी अशा पायाला वजन बांधून माणसाला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत. सहा आठवडे धरले, तर चार गुणिले सहा, म्हणजे एका वेळी २४ खाटा अडणार. आता सळई किंवा पट्टी बसवली की एकदोन दिवसांत रुग्णाला उठवून बसवतात. मुक्काम आठवड्यावर आला, तर त्याच चौघांना चार खाटा. शस्त्रक्रियेनं एक भिंतही न बांधता वीस खाटा मोकळ्या केल्या! मला हे फार विलक्षण वाटतं.

मग चार खाटा मांडल्या की भागलं? नाही. माणसं सरासरीच्या हिशेबानं येत नाहीत. वर्षातल्या पाचेक आठवड्यांत एखादाच येईल किंवा कोणीच नाही. दोनतीन आठवड्यांत आठ किंवा त्याहून जास्त. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं १९१७ साली, लाइन मोकळी नाही म्हणून किती फोन परत जातील, याचं सूत्र मांडलं. खाटांना ते जसंच्या तसं लागू पडतं. चारच खाटा असतील, तर शंभरातल्या ३१ जणांना पुढं पाठवावं लागेल. आठ असतील, तर तिघांना. म्हणजे वॉर्डातल्या निम्म्या खाटा एरवी रिकाम्या दिसल्या, तर ती उधळपट्टी नव्हे.

साथीला मात्र हे गणित लागत नाही. २०२१मध्ये याच तालुक्यातल्या भाळवणीच्या कोविड सेंटरमध्ये हजाराहून जास्त खाटा मांडाव्या लागल्या, कारण तिथं एक रुग्ण दुसऱ्याला जन्म देत होता. मोडलेलं हाड कोणाला लागत नाही.

आणखी एक नवल. असे दहा तालुके एकत्र केले, तर सरासरी गरज ४० खाटांची. मग ८० लागतील असं वाटतं. प्रत्यक्षात ५० खाटांत शंभरातले दोघंच परत जातात. एकीकडची गर्दी दुसरीकडच्या सामसुमीत जिरते. मग सगळं नगरलाच का नेऊ नये? गुडघा बदलायचा असेल, तर न्यावं. सुगी उरकून, तारीख ठरवून जाता येतं. पण खुबा मोडलेल्या आजीला पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा हाडात जाणवतो, आणि एर्लांगच्या सूत्रात अंतराला जागाच नाही. तिच्यासाठी खाट पारनेरातच हवी, मग ती वर्षातले कितीही दिवस रिकामी राहो.