अडीच घटिकांचा तास

गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या की लग्नात एक रिकामी वेळ सुरू होते. नवरा-नवरी होमापाशी बसलेले, फोटोवाले त्यांच्याभोवती, जेवणाला अजून तासभर अवकाश आणि वऱ्हाडी खुर्च्यांवर ताटकळत. परदेशी लग्नांत याच वेळेला ‘कॉकटेल अवर’ म्हणतात आणि आता आपल्याकडचे इव्हेंटवालेही तेच म्हणू लागलेत. ही वेळ बहुतेक ठिकाणी डीजेच्या हवाली होते. नागपूरच्या धंतोलीत तसं करू नये. या वस्तीत पावलापावलावर दवाखाने आहेत, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून राखता येतो. नियम बाजूला ठेवला तरी भिंतीपलीकडे कुणीतरी नुकतंच ऑपरेशन होऊन पडलेलं असतं. मग आवाजाशिवाय पाहुण्यांना रमवायचं कशाने? वैदर्भीय फळाफुलांत आणि साध्या पाण्यात इतकं नवल भरलेलं आहे की तास अपुरा पडेल. अट एकच: पेय आत तयार करून ट्रेमधून फिरवायचं नाही, ते पाहुण्यांसमोर घडू द्यायचं.

सुरुवात पाण्यानेच करावी. घड्याळं नव्हती तेव्हा लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर पाहत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडायची. छिद्रातून पाणी आत शिरत राहतं, वाटी जड होत जाते आणि २४ मिनिटांनी बुडते. ती एक घटिका. दिवसरात्र मिळून अशा ६०, म्हणजे आपला तास अडीच घटिकांचा. वाटीचं माप, तिचं वजन आणि छिद्राचा आकार, एवढ्यातच सगळं गणित बसवलेलं! असं एक घंगाळ प्रवेशाजवळ मांडून पाहा. वाटी बुडायच्या क्षणाची वाट पाहणारी मुलं तिथून हलणार नाहीत, आणि आजोबा मंडळींना सांगायला विषय मिळेल.

मग संत्रं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईला ती चांगली साथ देतात. पण या फळाची एक खोड आहे. सकाळी काढून ठेवलेला गोड रस संध्याकाळी कडू लागतो. रस नासलेला नसतो. फोडींच्या पापुद्र्यांत आणि बियांत एक चवहीन द्रव्य असतं. अखंड फळात ते आंबट रसापासून वेगळं राहतं. फळ पिळलं की दोन्ही एकत्र येतात, आणि आम्लाच्या संगतीत काही तासांत त्या द्रव्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन जात्याच इतकं कडू की लिटरभर रसात त्याचे काही मिलिग्रॅमसुद्धा जिभेला कळतात. गरम केलं तर ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणून आदल्या रात्री पिंपभर रस काढून ठेवणाऱ्या केटररला हात जोडून थांबवा. बिया न चिरडता, ग्लास हातात घेतलेल्या पाहुण्यासमोर पिळलेलं संत्रं, याच्या तोडीचं स्वागत नागपुरात दुसरं नाही.

सगळ्यांत मोठी गर्दी मात्र गोकर्णीपाशी होईल. कुंपणावर चढणाऱ्या या वेलीची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी गर्द निळं होतं. थंड करून साखर घालायची आणि पाहुण्याच्या हातात लिंबाची फोड द्यायची. त्याने लिंबू पिळलं की निळं पाणी डोळ्यांदेखत जांभळं, मग गुलाबीसर होतं. यात कसलाही कृत्रिम रंग नाही. फुलातलं अँथोसायनिन आम्लातले हायड्रोजनचे प्रभारित कण स्वीकारतं, त्याच्या रेणूची घडण बदलते आणि ते प्रकाशातला वेगळा भाग शोषू लागतं. आपल्या अंबाडीच्या लाल बोंडांचं शरबत शेजारी ठेवा, कारण तो लाल रंगही याच कुळातला आहे. अंबाडी मुळातच आंबट, म्हणून तिचं पाणी पहिल्यापासून लाल.

थोडा आवाज हवाच असेल तर गोटी सोडा आहे. ही बाटली हायराम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात आणली. ती उलटी धरून भरतात. सरळ करताना गोटी तोंडाशी येते आणि आतल्या वायूच्याच दाबाने रबरी कड्यावर घट्ट बसते. ज्या वायूला कोंडायचं, त्यालाच दाराशी पहारा द्यायला लावलंय! गोटी आत ढकलली की होणारा ‘फट्’ आवाज कुठल्याही रुग्णाची झोप मोडणार नाही.

मे महिन्यातलं लग्न असेल तर कैरीचं पन्हं हवंच, आणि तेही माठातलं. माठाच्या छिद्रांतून झिरपणारं पाणी उडून जाताना ग्रॅममागे जवळपास ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. हिशेबाने चमचाभर पाणी उडालं तर पेलाभर पाणी दहा अंशांनी गार व्हावं. मुंबईच्या दमट हवेत माठ निम्मा हरतो, पण नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची करामत पुरेपूर दिसते. आत वाळ्याची जुडी सोडली की बर्फाची आठवणही होत नाही. सोबतीला तर्री पोह्यांच्या लहान वाट्या आणि सांबारवडीचे तुकडे पुरेत. जास्त ठेवलं तर जेवणावर कुणी बसणार नाही.

या यादीत दारू नाही याची खंत करू नका. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांतून आलेली वऱ्हाडी मंडळी, आजी, शाळकरी भाचरं, सगळे एकाच टेबलाभोवती उभे राहू शकतील असा हा तास आहे. धंतोलीत लग्न ठरलं असेल तर डीजेचे पैसे वाचवा आणि त्यातून रस पिळायला दोन माणसं जास्तीची लावा. आणि गोकर्णीची फुलं आठवडाभर आधीपासून वाळवायला घ्या. ऐन वेळी ती पुरेशी मिळत नाहीत.