द्रावणातील बहुवारिक साखळीचे शिथिलन
विद्युत्क्षेत्रात द्रवातील ध्रुवीय रेणू, म्हणजे ज्यांच्या एका टोकाला किंचित धन व दुसऱ्याला ऋण भार असतो असे रेणू, क्षेत्राच्या दिशेने वळतात. क्षेत्र काढल्यावर ही मांडणी विसकटण्यास लागणारा काळ म्हणजे अपारक शिथिलनकाल होय. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात द्रवांतून परावर्तित होणाऱ्या अतिजलद विद्युत्स्पंदांवरून तो मोजला गेला आहे. पाण्याचा हा काळ सुमारे 8 पिकोसेकंद भरतो. छोट्या रेणूंपेक्षा बहुवारिकाची, म्हणजे अनेक छोटे घटक जोडून बनलेल्या रेणूची, लांब साखळी खरी रंजक, कारण तिचे द्विध्रुव (धन-ऋण टोकांच्या जोड्या) साखळीच्या कण्याला आडवे असतील तर केवळ तुकड्यांची थरथर दिसते, परंतु नैसर्गिक रबरातील पॉलिआयसोप्रीनप्रमाणे ते कण्याच्या दिशेनेही असतील, तर विरल द्रावणात अख्ख्या साखळीची संथ उलथापालथ मोजता येते. राऊस (1953) यांच्या सिद्धांतात या उलथापालथीचा काळ साखळीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर साखळीच्या भागांची द्रावकामार्फत एकमेकांवर पडणारी ओढ हिशेबात धरणाऱ्या झिम (1956) यांच्या सिद्धांतात ही वाढ काहीशी मंदावते.