स्वस्त संगणक नेमका कोणाला स्वस्त पडतो?

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या, की अनेक घरांत संगणकखरेदीचा विषय निघतो. पहिला प्रश्न अर्थातच किमतीचा असतो. भिंगारमध्ये मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) शहराला लागून असलेल्या या छावणीच्या गावात दोन प्रकारची कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. काही पिढ्यान्‌पिढ्या येथेच स्थायिक झालेली, तर काही आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल किंवा मेकॅनाइज्ड इन्फंट्रीच्या केंद्रात काही वर्षांपुरती बदलून आलेली. दोघांनी एकाच दुकानातून एकच यंत्र घेतले, तरी त्याची खरी किंमत दोघांना निरनिराळी पडते.

असेम्बल्ड संगणकाचेच पाहा. ओळखीच्या दुकानदाराकडून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस असे सुटे भाग निवडून जोडून घेतलेला संगणक नामांकित कंपनीच्या तयार संगणकापेक्षा बहुधा स्वस्त पडतो, आणि पुढे एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मात्र त्यात एकत्रित वॉरंटी नसते; प्रत्येक भागाची वेगळी, वेगवेगळ्या मुदतीची असते. संगणक सुरू होत नसेल, तर दोष नेमका कोणत्या भागात आहे, हे आधी कोणीतरी शोधावे लागते. भिंगारच्या रहिवाशासाठी ते काम दुकानदार करतो. वर्षभराने जोधपूरला बदली झालेल्या जवानाच्या कुटुंबाला तो दुकानदार कोठून मिळणार? त्यांच्यासाठी ब्रँडेड संगणकाचे जास्तीचे पैसे म्हणजे देशभर चालणाऱ्या सेवेचे शुल्कच होय. घरी येऊन दुरुस्तीची हमी असेल, तर ती आपल्या पिनकोडला लागू आहे काय, एवढे तेवढे विचारून घ्यावे.

किंमत कमी करताना सोय कोठे कापली जाते, याचे बोलके उदाहरण २००५ सालचे आहे. त्या वर्षी एचसीएलने दहा हजार रुपयांच्या आतला संगणक बाजारात आणला; त्यात विंडोजऐवजी लिनक्स होती. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची स्वस्त ‘स्टार्टर’ आवृत्ती भारतात आणली. तीत एका वेळी तीनच प्रोग्राम उघडता येत. चौथा उघडायचा, तर आधीचा एक बंद करा! आजही बिलात विंडोजचा परवाना स्वतंत्रपणे लिहिला आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. दुकानदाराने ‘टाकून दिलेली’ विंडोज फुकट वाटते, पण ती परवान्याची असेलच असे नाही.

लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, याचे उत्तर पूर्वी भारनियमन देत असे. वीज गेली, की डेस्कटॉप यूपीएसवर काही मिनिटेच तग धरी. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. विजेच्या बिलातही फरक पडतो. मॉनिटरसह डेस्कटॉप १५० वॉट आणि लॅपटॉप ४० वॉट घेतो असे धरले, तर रोज पाच तासांच्या वापरात महिन्याला अनुक्रमे साडेबावीस आणि सहा युनिट लागतात. युनिटचा दर दहा रुपये मानल्यास वर्षाकाठी सुमारे दोन हजारांची बचत होते. पाच वर्षांत दहा हजार! किमतीतला बराचसा फरक येथेच भरून निघतो. मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही. त्यामुळे खरेदीच्या वेळीच ती पुरेशी घ्यावी लागते, आणि २०२५च्या अखेरीस मेमरीच्या किमती बऱ्याच चढल्याने ही निवड अधिक महागात जाऊ लागली. बदलीच्या सामानात मॉनिटर बांधून नेण्याची कटकट वाचते, हा लाभ मात्र पैशांत मोजता येत नाही.

राहिला प्रश्न वापरलेल्या, म्हणजे रिफर्बिश्ड संगणकांचा. कार्यालयांतून निघालेली ही यंत्रे दणकट असतात आणि नव्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळू शकतात. खाचखळगा एकच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे मात्र ‘एकदम चालू कंडिशन’ म्हणून विकली जाऊ शकतात. ती चालतातही, पण नेहमीची सुरक्षाविषयक अद्यतने न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. पत्रलेखन, हिशेब आणि मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल, तर अशा यंत्रावर लिनक्स बसवता येते. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही देशी लिनक्स त्यापैकीच एक असून तिच्यात मराठीचीही सोय आहे. फक्त दुकानात एखादे विशिष्ट सॉफ्टवेअर वापरायचे असेल, तर ते लिनक्सवर चालते काय, हे पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराकडून चालवून पाहावे.