मण्यार चावल्यावर पापण्या का मिटतात?

वसई तालुक्यातल्या नंदाखाल गावच्या वाड्यांत पावसाळ्यात साप दिसणं नवं नाही. नाग किंवा मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होतात. मग बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास घेणंही अवघड होतं. ही गुंगी नव्हे. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचतच नाही.

एरवी मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलिन हे रसायन सुटतं, स्नायूवरच्या ग्राहकाला चिकटतं आणि स्नायू आखडतो. नागाचं विष त्या ग्राहकातच ठाण मांडतं, कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसं. मण्यारीचं विष तर तंतूची टोकंच निकामी करतं. प्रतिविष फिरतं विष पकडतं, झालेली इजा भरून काढत नाही. म्हणून मांत्रिकाकडे घालवलेला तास जिवावर बेततो. थेट रुग्णालयच गाठायला हवं.

प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं. घोड्याला विषाची अल्प, मग वाढती मात्रा टोचली की त्याचं शरीर त्या विषालाच चिकटणारी प्रथिनं बनवतं. परळच्या हाफकिन संस्थेतून १९७५ मध्ये वेगळ्या झालेल्या सरकारी कंपनीने नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं एकच प्रतिविष बनवलं.

हीच नेमकी पकड मेंदूच्या अभ्यासकांनाही हवी असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतला ‘न्यूरोमॅब’ हा उपक्रम उंदरांच्या पेशींपासून मेंदूतल्या प्रथिनांवरची प्रतिपिंडं तयार करतो. त्यांना चमकणारा रंग जोडला की मेंदूच्या पातळ कापात एखादं प्रथिन नेमकं कुठे आहे, ते सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दिसतं.