ठिबकमधले शेवाळ आणि आम्लाचा कॅन

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकचे पाणी अडले की बरेचजण आधी आम्लाचा कॅन शोधतात. पाणी उघड्या शेततळ्यातले असेल, तर ही खटपट बहुधा वाया जाते.

आम्ल विरघळवते ते क्षार. शेवाळ (उन्हावर स्वतःचे अन्न तयार करणारे पाण्यातले सूक्ष्म सजीव) त्याने सुटत नाही. बंबाला धरलेला पांढरा खार आणि माठातला बुळबुळीतपणा जसे वेगळे, तसेच हे.

गंमत अशी, की शेवाळ वाढते तळ्यात. काळ्या नळीत ऊनच पोचत नाही. तिथे जातात त्याचे तुकडे. त्यांवर जिवाणू पोसतात, चिकट थर धरतो आणि ड्रिपरचे तोंड बुजते.

यावर उपाय क्लोरीनचा. त्याचा जोर मात्र सामूवर (पाणी आम्ल की विम्ल हे सांगणारा आकडा) अवलंबून असतो: ७.५ ला जवळपास निम्मा क्लोरीन प्रभावी रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून नुसते प्रमाण वाढवण्याआधी पाणी तपासलेले बरे. क्लोरीनसाठी ब्लिचिंग पावडर वापरताना ती भिजवून वरची निवळीच घ्यावी. गाळ आत गेला तर तोच ड्रिपर बुजवतो.

आम्ल आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

तळ्याच्या पाण्याला जाळीच्या फिल्टरआधी वाळूचा फिल्टर लागतोच. मेलेले शेवाळही नळीतच राहते, त्यामुळे क्लोरीननंतर प्रत्येक नळीचे शेवटचे टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत ती धुवावी.