शर्यतीचा घोडा माळावर

शर्यतींतून निवृत्त झालेला घोडा शेतावर आणला की बघायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "सोडा की बिचाऱ्याला मोकळा!" सोडायचाच असतो, पण एका दिवसात नाही. हिवाळाभर महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे आणि दोन्हीकडे पहाटेची रपेट सोडली तर जवळजवळ सगळा दिवस पागेत, असं त्याचं आयुष्य गेलेलं असतं.

आमच्या सासवडच्या माळावरच्या सोन्याचंही तसंच. (रेसकार्डावर त्याचं भलंमोठं इंग्रजी नाव होतं, त्या नावानं हाक मारेपर्यंत तो शेजारच्या शेतात पोचायचा.)

खरी अडचण पोटाची. घोड्याचं जठर जेमतेम १०-१५ लिटरचं आणि त्यात आम्ल सतत पाझरतं, म्हणून दिवसभर थोडं थोडं चरणं त्याला मानवतं. पण गवत पचतं ते पुढे, मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंमुळे, आणि चंदीला सरावलेल्या जीवाणूंची घडी बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधीच तो कोवळ्या लुसलुशीत गवतावर तुटून पडला तर पोटशूळ, नाहीतर खुरांच्या आत दाह. या दाहानं घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. म्हणून आधी वाळलं गवत पोटभर, मगच फाटक उघडायचं. सुरुवातीला अर्धा तास, मग तास, आणि चंदी तशी कमी करत जायची.

कुंपणाची काटेरी तार आम्ही काढून टाकली. या घोड्यांचं कातडं फार पातळ. बांधावरची कण्हेरही उपटली, ती विषारी. सोबतीला एक म्हातारी तट्टाणी होतीच. आधी कुंपणाआडून ओळख, मग सोन्याचे मागचे नाल काढून दोघांना एकत्र सोडलं. गवताचे ढीग मात्र तीन ठेवले, कारण तट्टाणी स्वभावानं खाष्ट.

आमच्या मोतद्दार मामांना सगळ्यात जड गेलं ते रोजचा खरारा थांबवणं. "ताई, असा मळका घोडा लोकांना दाखवायचा?" पण केसांतल्या तेलकटपणावरूनच पावसाचं पाणी ओघळतं, ते घासून काढलं की पाठ भिजत राहते आणि खपल्या धरतात. आता मामा फक्त चिखल झाडतात आणि खूर साफ करतात. रोज बरगड्यांवरून हातही फिरवतात, कारण केस वाढले की रोडावलेला घोडाही अंगानं बरा दिसतो.

तीन भिंतींचं छप्पर बांधलं, खाली मुरूम टाकला. सोन्या पावसात बाहेरच उभा राहतो आणि भर उन्हात माश्या टाळायला आत येतो. त्याला काय सोसतं, हे आपल्या दयेपेक्षा त्याला जास्त कळतं.

घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि पहाऱ्याला सोबती असला तरच तो निर्धास्त पसरतो. सोन्या पहिल्यांदा तसा पसरला तेव्हा शेजाऱ्यांचा फोन आला, "ताई, तुमचा घोडा गेला वाटतं."